राजापेठ ते शिकागो, कापसाच्या वाटेने

दोस्तांनो, अमरावतीच्या राजापेठ चौकात कधी उभे राहिलात का? बडनेऱ्याहून येणारा रस्ता इथूनच शहरात शिरतो. ऑटो, एसटी, सायकली, हातगाड्या, हॉर्नचा नुसता कल्ला! थोडं पुढे गेलं की राजकमल चौक, त्यापुढे जुन्या अमरावतीचा दगडी परकोट आणि अंबादेवीचं देऊळ. हे सगळं तुम्ही पाहिलं असेल किंवा आईबाबांकडून ऐकलं असेल. आज मात्र याच चौकातून आपण थेट अमेरिकेतल्या शिकागो शहरात जाणार आहोत. तिकीट काय म्हणता? कापसाचं एक बोंड. तेवढं खिशात टाका आणि चला!

बोंडच का, ते आधी सांगतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तोवर इंग्लंडच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालत. तो येईनासा झाला आणि गिरणीवाल्यांची नजर वळली आपल्या वऱ्हाडाकडे. भाव कडाडले. १८६७ सालापर्यंत मुंबईची रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा निघाला. युद्ध मात्र १८६५ सालीच संपलं होतं. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला आणि आपले भाव धाडकन खाली आले. म्हणजे बघा, तिकडच्या शेतात काय घडतं यावर इकडच्या घरातली दिवाळी ठरत होती!

आता तिकडच्या शेतात डोकावू. अमेरिकेच्या दक्षिणेत कापूस वेचायचं काम आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांकडून, त्यांच्या मुलानातवंडांकडून करून घेत. ती माणसं गुलाम होती. युद्धानंतर गुलामगिरी संपली, पण जमीन काही मिळाली नाही. मग बटईची शेती. बियाणं मालकाचं, किराणा मालकाच्या दुकानातून उधार, आणि वर्षाच्या शेवटी हिशेब केला की कर्ज शिल्लकच! वऱ्हाडातल्या आजोबांना हे सांगा. ते म्हणतील, ‘यात नवीन ते काय?’

हीच माणसं काम करता करता गात. एकजण ओळ टाकी, बाकीचे उत्तर देत. त्या गाण्यांतून पुढे ‘ब्लूज’ नावाचं संगीत तयार झालं. मन उदास असलं की इंग्रजीत ‘ब्लू’ म्हणतात, त्यावरून हे नाव. गाण्याची बांधणी अगदी सोपी. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. मधल्या रिकाम्या जागेत गिटार बोलते. वाजवणारा बोटाने तार बाजूला ढकलतो, तारेचा ताण वाढतो आणि सूर हळूच वर सरकतो. आपल्याकडे मींड घेतात ना, तिचीच ही मावसबहीण समजा.

अशाच एका कापूस वेचणाऱ्या घरात, लुईझियाना राज्यातल्या लेट्सवर्थ गावी, ३० जुलै १९३६ रोजी एक मुलगा जन्मला. नाव जॉर्ज, पण सगळे म्हणत बडी. आडनाव गाय. बडी गाय! हसू नका, त्याच्या भाषेत या शब्दाचा गोठ्याशी काही संबंध नाही. घरात वीज नव्हती, नळ नव्हता. बडीला मात्र तारेच्या आवाजाचं वेड. वाद्य कुठून आणणार? त्याने खिडकीच्या जाळीच्या तारा उपसून काढल्या आणि त्यांचंच वाद्य केलं. घरात डास कसे शिरतात याचं कोडं आईला पडलं होतं! पुढे वडिलांनी एक जुनी गिटार मिळवून दिली. तिलाही तारा फक्त दोनच होत्या.

१९५७ साली, एकविसाव्या वर्षी, बडी रेल्वेने शिकागोला निघाला. आईला अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला. तिचं मन राखायला तो म्हणाला, ‘पैसे कमावले की तुला ठिपक्याठिपक्यांची कॅडिलॅक गाडी घेऊन देईन.’ आपण थाप मारतोय हे त्याला ठाऊक होतं. आई वारली तेव्हा गाडी काही आली नव्हती. पुढे त्याने काळ्यावर पांढरे ठिपके असलेली गिटार करून घेतली. तिच्यावरचे ठिपके कशाचे, हे आता तुम्हाला कळलं.

शिकागोत सुरुवातीला हाल झाले. एका रात्री पोटात अन्नाचा कण नसताना त्याने एका क्लबात गिटार वाजवली. तिथे मडी वॉटर्स आला. तोही कापसाच्या शेतातून आलेला आणि तेव्हाचा फार मोठा ब्लूज गायक. त्याने या पोराला आधी गाडीत बसवून सँडविच खायला घातलं. कौतुक नंतर!

नाव होऊ लागलं, तरी गिटारवर घर चालत नव्हतं. १९६७ सालापर्यंत बडी दिवसा बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा ट्रक चालवी आणि रात्री वाजवी. रेकॉर्डवर नाव असलेला कलावंत सकाळी हाताला ग्रीस लावून उभा! कलावंत म्हटलं की आपल्याला दिवे आणि टाळ्या दिसतात. त्यामागची ही दहा वर्षंही लक्षात ठेवा.

आणि त्याचं वाजवणं? तो व्यासपीठावर थांबतच नाही. वाजवत वाजवत खाली उतरतो, प्रेक्षकांतून फिरतो, कधी दाराबाहेर रस्त्यावरही जातो. १९८९ साली त्याने शिकागोत स्वतःचा ‘लेजेंड्स’ हा क्लब काढला. २०११ साली तो आपल्या मुंबईतही आला. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, जो मेहबूब खान यांनी १९५४ साली उभारला, तिथे ब्लूजचा पहिला मोठा महोत्सव भरला होता. तेव्हा हे आजोबा ७४ वर्षांचे होते!

ब्लूजचंच एक नाचरं भावंडं आहे, फंक. साठच्या दशकात जेम्स ब्राऊनने ते घडवलं. त्यात पहिल्या मात्रेवर सगळा जोर. आपण समेवर मान डोलावतो, तसाच. फंकमध्ये गिटार नुसती गात नाही, तारांवर हात दाबून ती चक्क तालवाद्यासारखी वाजवतात.

तालवाद्य म्हटलं की वऱ्हाडात खंजिरी आठवायलाच हवी. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेले तुकडोजी महाराज हातात खंजिरी घेऊन गावोगाव फिरले. तेही गरीब घरातले. ते ओळ म्हणत आणि गाव झील धरी. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापला. १९४२ च्या लढ्यात इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं. त्यांचं भजन आणि बडीचं गाणं वेगळं, देवही वेगळा. पण दिवसभर शेतात राबलेल्या माणसाला रात्री बसतं करायची, एकाच्या ओळीला साऱ्यांनी उत्तर द्यायची रीत मात्र दोन्हीकडे एकच.

म्हणून यंदा गणपतीत तुमच्या गल्लीत ऑर्केस्ट्रा आला की गाणाऱ्याबरोबर मागच्या गिटारवाल्याकडेही बघा. त्याचा दिवस कदाचित एखाद्या गॅरेजमध्ये किंवा दुकानात गेला असेल. कार्यक्रम संपला की त्याच्याजवळ जा आणि विचारा, ‘काका, तुम्ही कसं शिकलात?’ आईबाबांनो, पोरांना घटकाभर थांबू द्या.

आणि हो, बडीचं वाद्य घरी करून बघायचं का? लाकडी फळीच्या दोन टोकांना खिळे ठोका. ठोकताना मोठं माणूस जवळ हवं. एक तार घट्ट ताणून बांधा. तारेखाली एक रिकामा डबा सरकवा आणि तार छेडा. मग काचेची छोटी बाटली तारेवर टेकवून पुढेमागे सरकवा. सूर कसा घसरत जातो ते ऐका!

तार मात्र दुकानातून आणा. खिडकीच्या जाळीला हात लावायचा नाही!