परसातली वेधशाळा

महाबळेश्वराच्या माथ्यावर वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि तेथून सडकेने तीसबत्तीस किलोमीटर खाली असलेल्या आमच्या वाईच्या पदरात त्याच ढगांकडून सातशे-आठशे मिलिमीटरांची बिदागी पडते, हे शाळेच्या भूगोलात सर्वांनीच वाचलेले असते. परंतु पसरणीच्या घाटावर काळाकभिन्न मेघ दिवसभर ठाण मांडून बसला असताना आपल्या अंगणातली धुणी निर्वेधपणे वाळताना पाहणे, आणि तो दिवस वहीत कोरा म्हणून नोंदवणे, यात पर्जन्यछायेचा जो प्रत्यय येतो तो पुस्तकात नाही.

माझा पर्जन्यमापक परसात, विहिरीच्या पलीकडे आहे. गच्चीवर ठेवण्याचा सल्ला पुष्कळांनी दिला. पण उंचावर वारा थेंबांना नरसाळ्यावरून तिरपे उडवून नेतो आणि माप कमी भरते. शिवाय भिंत किंवा झाड यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर मोकळे हवे, ही अट दाट वस्तीच्या आळीत पाळायची म्हणजे स्थळनिश्चितीला पर्यायच उरत नाही. सकाळी साडेआठ ही सरकारी वाचनाची वेळ मीही पाळतो. मोजपात्रातले पाणी काचेच्या कडेला किंचित वर चढलेले असते, म्हणून डोळा पातळीला आणून मधल्या खोलगट भागाची रेघ वाचायची. अडीच मिलिमीटर भरले तर तो दिवस पावसाचा. त्याहून कमी असेल तर दप्तरी तो पावसाच्या दिवसांत मोडत नाही, मग वाटेत भिजलेल्या माणसाचे म्हणणे काहीही असो.

वायुभारमापकाची कथा अधिक मनोरंजक आहे. जुन्या विलायती तबकडीवर वादळ, पाऊस, पालट, निरभ्र असे शेरे कोरलेले असतात, आणि ते समुद्रसपाटीच्या हिशेबाने केलेले असल्यामुळे, सातशे मीटर उंचीवरच्या आमच्या गावी काटा जुळवून न घेतल्यास तो बारा महिने वादळाची वर्दी देत राहतो. जुळवून घेतला तरी आपल्या अक्षांशात हवेला रोज दोनदा भरती-ओहोटी येते: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास दाब चढतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. हा संथ श्वास एकदा ओळखीचा झाला, की शेऱ्यांकडे लक्ष जात नाही.

पाऊस मोजण्याची हौस आपल्याकडे इंग्रजी अमदानीत आली असा एक समज आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी मापनपात्र ठेवण्याची आज्ञा आहे आणि प्रदेशवार पावसाचे द्रोणही दिलेले आहेत. अवंतीला तेवीस, जांगल प्रदेशाला सोळा. अपरान्तापाशी, म्हणजे आपल्या कोकणापाशी आल्यावर मात्र त्या काटेकोर हिशेबनिसाने लेखणी खाली ठेवून तेथला पाऊस अमित ठरवला. मला त्याचा हा प्रामाणिकपणा फार आवडतो. मापकाची हुकमत त्याच्या तोंडाच्या घेरापुरती, ही गोष्ट आकडे गोळा करणाऱ्याच्या ध्यानातून फार लवकर निसटते.

गावाला त्या घेराबाहेरचेच हवे असते. उन्हाळ्यात शिजवलेली हळद खळ्यावर पसरली, की वळीव येईल का हे विचारायला लोक येतात. यंत्राला मात्र कालचेच ठाऊक. परतीच्या पावसात प्रश्न गंभीर होतो. महसूल मंडळाच्या मापकाने चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांची मर्यादा ओलांडली तर अतिवृष्टी, मग पंचनामे आणि नुकसानभरपाई. आणि असला पाऊस तर एका बांधाला झोडपून दुसऱ्याला कोरडा ठेवणारा. भिजलेल्या सोयाबीनचा एक शेतकरी अशाच एका सकाळी माझी वही पाहायला आला. वहीतल्या आकड्याला कचेरीत कवडीची किंमत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

“मास्तर, माझ्या वावरात याच्याहून जास्ती होता,” तो म्हणाला.

असेलही, मी म्हटले; माझा आकडा माझ्या परसाचा. तेव्हा त्याने मापकाची किंमत विचारली आणि ती ऐकून, बादलीने भागेल का, असेही विचारले. बादली तळाशी निमुळती, ती नको. वरखाली सारख्या रुंदीचा डबा उघड्यावर ठेवा आणि साचलेल्या पाण्याची खोली फूटपट्टीने मोजा, असे मी त्याला सांगितले.