लॉन, ऊन आणि वावधान

काटोल, ६ एप्रिल

चि. मधुरास,


तुझं रिसेप्शन २४ मेला, नागपूरबाहेरच्या उघड्या लॉनवर, संध्याकाळी सहाला, असं दादाने सांगितलं. पुण्याची मंडळी ४४ अंशांत होरपळतील, ही तुझी काळजीही कळली. ती रास्त आहे, पण माझी काळजी वेगळी आहे. ऊन तुझ्या पाहुण्यांचे हाल करेल. मंडप नेईल ते वादळ.

आधी उन्हाचं बघू. ४४ हा आकडा तुम्हाला भयंकर वाटतो, इकडे मेमध्ये त्याचं कुणाला काही नाही. हवामान खात्याच्या हिशेबातही मैदानी भागात पारा ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त, किंवा मग सरळ ४५, असं झालं तरच उष्णतेची लाट. नागपूरची मेअखेरची सरासरीच ४३ च्या घरात, त्यामुळे तुझा ४४ त्यात बसतसुद्धा नाही. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ झालं होतं, तो दिवस अजून आठवतो. आणि २०२४ च्या मेअखेरीस टीव्हीवर ५६ अंश म्हणून जो गहजब झाला, तो बिघडलेल्या यंत्राचा आकडा होता. आजूबाजूची नीट चालणारी केंद्रं ४४-४५ च्या आसपासच होती. शिवाय हे आकडे सावलीतले असतात, लाकडी पेटीतल्या तापमापकाचे. लॉनच्या फरशीवर अनवाणी उभं राहिलं तर काय होतं ते त्यात येत नाही.

कोरडं ऊन सोसता येतं. पन्हं प्यायचं, डोक्याला दुपट्टा बांधायचा, बारा ते चार बाहेर पडायचं नाही. घरात कूलर असतो. त्याच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी पडतं, कोरडी हवा ते पाणी शोषते आणि थंड होऊन आत येते. पण मे महिन्यात मधूनच असा दिवस येतो की तोच कूलर, त्याच ताट्या, टाकी भरलेली, आणि आत नुसता दमट वारा. काकू कूलरच्या नावाने बोटं मोडते आणि मी अंगणात सुकत टाकलेल्या कुरड्या आत घेतो. कूलर बिघडलेला नसतो. हवेत बाष्प आलेलं असतं. त्या दिवशी संध्याकाळवर लक्ष ठेवायचं.

हे बाष्प बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरावरून येतं. वरच्या थरात पश्चिमेचा, वायव्येचा कोरडा वारा, खाली हा दमट, आणि तापलेली काळी जमीन दोन्हींना खालून ढोसत असते. दुपारी तीनच्या सुमारास कुठेतरी एक ढग उठतो आणि तासाभरात बारा-पंधरा किलोमीटर उंच होतो. त्यातून पडणारं पाणी खालच्या कोरड्या हवेत वाटेतच सुकतं. सुकताना ती हवा गार आणि जड होते, धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. म्हणून आधी धूळ आणि वारा, पाऊस मागाहून. त्यालाच आम्ही वावधान म्हणतो. ताशी ५०-६० किलोमीटरचा झोत, बहुतेक दुपारी चार ते रात्री आठच्या दरम्यान. तुझा सहाचा मुहूर्त बरोब्बर मधोमध बसतो.

आता तुझ्या मोबाइलवरचं चित्र. सात दिवस आधी सूर्य दिसला म्हणून निश्चिंत होऊ नकोस आणि विजेचं चिन्ह दिसलं म्हणून रडूही नकोस. ‘विदर्भात तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस’ म्हणजे विभागातल्या फार तर पाव भाग केंद्रांवर. त्या पावात तुझं लॉन आहे का, हे आठवडाभर आधी कुणीच सांगू शकत नाही. खरी माहिती त्याच दिवशी, नागपूरच्या रडारवरून निघणाऱ्या पुढच्या तीन तासांच्या इशाऱ्यात मिळते. विजेसाठी पुण्याच्याच आयआयटीएम या हवामानसंस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये घेऊन ठेव. आणि एक लक्षात असू दे: वीज कडाडायला लागली की लोखंडी खांबांचा शामियाना हा आसरा नव्हे. पक्क्या छताखाली नाहीतर बंद गाडीत. झाडाखाली तर मुळीच नाही. दरवर्षी वावरात माणसं जातात ती बहुधा अशीच.

तुला वाटेल काका घाबरवतोय. माझं दुखणं जरा निराळं आहे. मृगबहारासाठी आम्ही मेमध्ये संत्र्याचं पाणी तोडतो, झाडाला ताण देतो, म्हणजे मृगाच्या पावसावर ते फुलावर येतं. मध्येच अवकाळी पडला की ताण तुटतो आणि फुलांऐवजी नुसती पालवी. २०२५ च्या मेमध्ये राज्यभर पावसाने धिंगाणा घातला, २६ मेला तर मान्सून मुंबईत पोचलासुद्धा. शहरातली माणसं गारव्यावर खूश होती आणि इकडे बागेतली झाडं हिरवीगार बघून मला झोप येत नव्हती. विमा, पंचनामा यांवर बोलायला बसलो तर हे पत्र संपायचं नाही.

तर असं कर. लॉनला लागून पक्का हॉल असेल तरच ते ठरव. जेवणाची पंगत हॉलमध्ये, बाहेर फक्त स्टेज. मुहूर्त साडेआठचा धर. तोवर ढगाचा जोर बहुधा ओसरलेला असतो आणि ऊनही उतरतं. उंच कमानी, फुलांची झुंबरं, ते थर्माकोलचे मोर, सगळं काट. कापडी छताला बांधणाऱ्याकडून दोर दुप्पट मारून घे आणि वारा सुटला तर छत सोडायला चार माणसं तिथेच थांबतील, हे लेखी घे. जनरेटर तर हवाच, पहिल्या झोतालाच वीज जाते.

आजीसाठी सकाळी नागपूरला पोचणारी गाडी बघ. भर दुपारी तिला स्टेशनवर उतरवायचं नाही, आणि कूलरची खोली तिच्यासाठी वेगळी ठेवली आहे म्हणून सांग. लॉनवाला आगाऊ रक्कम परत देत नसेल तर मला कळव, मी दादाला घेऊन जाऊन बोलतो.

तुझा,
काका