हरळी

मे महिन्यात आमच्या चंद्रपुरात दुपारी रस्ते ओस पडतात. पारा 45 च्या वर जातो, टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. अशाच एका दुपारी बहिणीच्या मुलाचा फोन आला. तो पुण्याजवळच्या एका गोल्फ मैदानावर गवताला पाणी द्यायचं काम करतो.

"खाला, पंधरा जणांना घरी बसवलंय. पाणी नाही, पाऊस आला की बोलावू म्हणतात. मीपण त्यात आहे."

खरं सांगते, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. समोर रिकामी भांडी होती. चार श्रीमंतांच्या खेळाचं पाणी तोडलं तर काय बिघडलं, असं मनात आलं. मग आठवलं, बहिणीचं घर याच पोराच्या पगारावर चालतं. स्वतःची लाज वाटली.

तो आठ दिवस आमच्याकडे राहिला. खेळातलं मला काही कळत नाही, पण त्याने मला त्या मैदानाचं गवत समजावून सांगितलं. जिथे भोक आणि झेंडा असतो ते ग्रीन. तिथलं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापतात. इतकं खुरटं ठेवलं की मुळंही वरच राहतात आणि एका कडक दुपारीसुद्धा ते जळू शकतं. म्हणून उन्हाळ्यात भर दुपारीही त्याच्यावर हलका फवारा मारावा लागतो. पहिला फटका मारायची जागा म्हणजे टी. मधला लांब पट्टा फेअरवे, कडेचं रानटी गवत रफ.

"फेअरवेवर कोणतं गवत?" मी विचारलं.

"बर्म्युडा. म्हणजे आपली हरळी."

मी हसतच सुटले. माझं सासर गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरीकडे. तिथे धानाच्या बांधीत आणि धुऱ्यावर हरळी दिसली की सासरे कुदळ घेऊन मुळासकट खणून काढायचे. उन्हाळ्यात ती मेल्यासारखी पिवळी पडते आणि पहिल्या पावसात पुन्हा डोकं वर काढते. जी आम्ही शिव्या देत उपटली, तिला तिकडे पाणी पाजायला माणसं ठेवतात!

मग आम्ही कागदावर हिशेब मांडला. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे दहा हजार लिटर. कडक उन्हात दिवसाला पाच मिलिमीटर धरलं आणि भिजवायची जमीन वीस हेक्टर धरली, तर रोजचे दहा लाख लिटर होतात. शहरात माणशी 135 लिटर धरतात, त्या हिशेबाने हे सात हजारांहून जास्त माणसांचं पाणी. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, तिच्यात पाच लाख लिटर होतं. म्हणजे अशा दोन गाड्या रोज नुसत्या गवतावर.

त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे 30 एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं होतं. खेळपट्ट्यांसाठी शुद्ध केलेलं सांडपाणी वापरू, असं क्रिकेट मंडळ म्हणत होतं. फ्रान्समध्ये 2022 च्या दुष्काळात उलट घडलं. बाकी बऱ्याच गोष्टींवर बंदी असताना गोल्फच्या ग्रीनला सूट मिळाली, आणि चिडलेल्या लोकांनी रात्री जाऊन भोकांमध्ये सिमेंट भरलं.

पाणी कमी पडलं की कुणाचं आधी आणि कुणाचं नंतर, हे ठरवावंच लागतं. आमच्या गावाला हे नवीन नाही. इरई धरणातून शहरालाही पाणी आणि वीज केंद्रालाही. 2010 च्या उन्हाळ्यात धरण आटलं आणि वीज केंद्राचे संच बंद ठेवावे लागले. राज्याच्या 2003 च्या जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. बरीच ओरड झाल्यावर 2011 मध्ये शेती पुन्हा दुसऱ्या नंबरवर आली. झाडीपट्टीतल्या मामा तलावांचं, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचं पाणीही पाळीनेच बांध्यांत जायचं.

भाचा म्हणाला, "आमच्याकडेही क्रम आहे, खाला. ऑफिसच्या भिंतीवर कागद लावलाय. पाणी कमी पडलं की आधी रफ बंद, मग फेअरवे, मग टी. ग्रीन सगळ्यात शेवटी."

त्यांच्या एका म्हाताऱ्या माळ्याने त्याला सांगितलं होतं, पूर्वी छावण्यांच्या मैदानांवर ग्रीन नव्हतेच, 'ब्राउन' होते. वाळूत तेल मिसळून ती सपाट दाबायची आणि तिच्यावर चेंडू सरकवायचा. पाण्याचा थेंब लागत नसे. साहेबलोक त्यावर मजेत खेळायचे.

मला तयम्मुम आठवलं. पाणी नसेल, किंवा पिण्यापुरतंच असेल, तर वजूसाठी ते खर्चायचं नाही. पाक मातीवर हात ठेवून चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवायचे, नमाज होते. अम्मीने मला लहानपणी शिकवलं होतं, पण घरात नळ आल्यापासून मी एकदाही केलं नाही. पाण्याशिवाय नमाज होऊ शकते आणि खेळही होऊ शकतो. सवय तेवढी मोडली आहे.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला विचारलं, "त्या भिंतीवरच्या कागदात तुम्हा पंधरा जणांचं काही लिहिलं होतं का? पाणी गेल्यावर कुणाला दुसरं काम द्यायचं, कुणाला अर्धा पगार?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. "नाही, खाला. त्यात फक्त गवताचं आहे."

जूनच्या शेवटी पाऊस पडला आणि त्याला बोलावणं आलं. आठवड्याने त्याने फोनवर फोटो पाठवला. फेअरवे पुन्हा हिरवागार, जणू काही झालंच नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'हरळी उठली.'

मी विचारलं, "आणि माणसं?"

"पंधरापैकी नऊ आले. बाकीच्यांचे फोन लागत नाहीत."