बुडवलेल्या जहाजांवरची मासळी

मैत्रिणींनो, लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाणाऱ्या आपल्यासारख्या बायका तिथे काय बघतात? नायगारा, न्यूयॉर्क, एखादं देऊळ आणि उरलेले पाच महिने स्वयंपाकघर! म्हणून आज जरा वेगळ्या जागेविषयी सांगते. तुमचं माणूस अलाबामा राज्यात, हंट्सव्हिलच्या बाजूला असेल, तर मोटारीने सहा तासांच्या आसपास दक्षिणेला उतरा. तिथे ऑरेंज बीच नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. पांढरी शुभ्र वाळू, धक्क्याला लागलेल्या भाड्याच्या बोटी, आणि पहाटेपासून गळ-दोऱ्या घेऊन निघालेली माणसं. त्यात बायकाही पुष्कळ असतात, बरं का!

अलाबामाला मेक्सिकोच्या आखाताचा किनारा लाभलाय तो जेमतेम ५३ मैलांचा. समुद्राचा तळही सपाट, वाळूचा आणि चिखलाचा. खडक नाहीत, म्हणजे माशांना आडोसा नाही. मग १९५३ साली तिथल्या बोटवाल्यांनी सरकारची परवानगी काढून २५० जुन्या मोटारींचे सांगाडे समुद्रात सोडले. आपण परसात मोडका माठ ठेवला की त्याच्या गारव्याला काय काय येऊन राहतं, तसंच झालं. सांगाड्यांवर शेवाळ धरलं, कालवं चिकटली, लहान मासे आले आणि त्यांच्यामागे मोठे आले. पुढे १९७० च्या दशकात दुसऱ्या महायुद्धातली पाच मालवाहू जहाजं बुडवली, १९९० च्या दशकात लष्कराचे जुने रणगाडे, आणि २०१३ च्या मे महिन्यात ‘लुलू’ नावाचं २७१ फूट लांबीचं जहाज. शेजारच्या फ्लोरिडात तर २००६ साली ‘ओरिस्कनी’ ही अख्खी विमानवाहू युद्धनौका बुडवली! आज अलाबामाच्या समुद्रात हजार चौरस मैलांहून अधिक जागा अशा कृत्रिम खडकांसाठी राखलेली आहे. मोटारी काही वर्षांत गंजून विरतात, म्हणून आता सिमेंटचे पोकळ पिरॅमिड सोडतात.

इथला राजा मासा म्हणजे रेड स्नॅपर, आपल्या तांबोशीचाच भाऊबंद. रंगाने लालबुंद आणि चवीला गोडसर. तो गरवायला जायचं म्हणजे नुसतं नशीब नव्हे, डोकंही चालवावं लागतं. आपण नाही का, एकच भाजी रोज वाढली की घरची मंडळी नाकं मुरडतात, तशी ही मासळीही चोखंदळ असते.

बोटीवर साधारणपणे गोठवलेले लहान मासे आणि माकुळाचे तुकडे आमिष म्हणून देतात. शिशाच्या वजनाने दोरी तळाशी सोडायची. टकटक करून आमिष गायब होत असेल, तर समजा की ट्रिगरफिश आलाय. त्याचं तोंड इवलंसं आणि दात बळकट. त्याच्यासाठी लहान गळ आणि माकुळाचा चिवट तुकडा लावावा. माकूळ सहज सुटत नाही. लहान लहान स्नॅपरच लागत असतील, तर आमिष मोठं करावं, जिवंत मासा लावावा. लहानांच्या तोंडात तो मावत नाही. आणि गंमत म्हणजे मोठे, हुशार स्नॅपर पुष्कळदा तळाला नसतातच, खडकाच्या बरेच वर तरंगत असतात. अशा वेळी अनुभवी तांडेल वजन कमी करायला सांगतो. पाणी निवळशंख असेल तर बारीक दोरा बांधतो आणि आमिष प्रवाहाबरोबर आपसूक खाली जाऊ देतो. प्रवाह जोराचा असला की मात्र वजन वाढवायचं, नाहीतर दोरी शेजारणीच्या दोरीत गुंतलीच म्हणून समजा!

आणखी एक. इथे आमिषासाठी गोल वळणाचेच गळ वापरण्याचा नियम आहे. मासा लागला की आपला हात हिसका द्यायला शिवशिवतो. तो द्यायचा नाही. सावकाश, एकसारखी दोरी गुंडाळत राहायचं, म्हणजे गळ माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. पोटात जात नाही आणि सोडून दिलेला मासा जगतो.

सोडून का द्यायचा, म्हणाल? तर भाड्याच्या बोटीवर माणशी दोनच रेड स्नॅपर ठेवता येतात, आणि तेही १६ इंचांहून लहान नको. बाकीचे परत पाण्यात. पण खोलातून भरकन वर आणलेल्या माशाच्या पोटातली हवा फुगते, कधी जठर तोंडातून बाहेर येतं. तसाच सोडला तर तो वरच तरंगतो आणि डॉल्फिन त्याला गट्टम करतात. म्हणून २०२२ साली अशा बोटीवर माशाला वजन लावून खाली पोचवणारं साधन किंवा हवा काढण्याची पोकळ सुई ठेवणं सक्तीचं केलं गेलं. खलाशी हे करतो तेव्हा जरूर पाहा. स्नॅपर पन्नास वर्षंसुद्धा जगू शकतो, आणि मोठी मादी लहानीपेक्षा कितीतरी पट अंडी घालते. बुडवलेल्या जहाजाभोवती मासे गोळा होतात, त्यामुळे ते काढणंही सोपं होतं. खडक माणसाने बांधले, पण हाताला लगाम नसेल तर तेच माशांचा सापळा ठरतील. भरल्या डब्यातून रोज मूठ काढली आणि भर घातली नाही, तर काय होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

समुद्रात काहीही टाकलं की खडक होतो, असंही नाही हं. फ्लोरिडातच फोर्ट लॉडरडेलजवळ १९७० च्या दशकात सुमारे वीस लाख जुने टायर टाकले. बांधलेले पट्टे तुटले, टायर लाटांबरोबर लोळले आणि शेजारच्या खऱ्या प्रवाळांनाच इजा झाली. ते अजून बाहेर काढताहेत!

आता जाण्याआधीच्या चार गोष्टी. आदल्या रात्री पुरेशी झोप घ्या, सकाळी तेलकट खाऊ नका, उपाशीही राहू नका. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधीच घ्या. आल्याचा तुकडाही जवळ ठेवा. मळमळलं तर आत जाऊन पडू नका, बाहेर उभ्या राहून क्षितिजाकडे बघा. साडी नको, सुती सलवार-कमीज किंवा पँट, रबरी तळाचे बूट आणि टोपी बरी. प्रवाशाला वेगळा परवाना काढावा लागत नाही, बोटीच्या परवान्यात ते येतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं! धक्क्यावर परतल्यावर खलाशी मासा साफ करून नुसते काटेविरहित तुकडे हातात देतात. डोकं आणि काटे टाकून देतात. आधीच सांगून ठेवा, “डोकी आम्हाला हवीत.” ते हसतील, हसू द्या. कोकम, तिरफळ नसेल तर चिंच आणि ओल्या नारळाचं वाटण घालून त्या डोक्याची आमटी करा. जावईबापू दुसऱ्यांदा भात मागतील, आणि त्या वेळी मासा कुणी धरला हे सांगायला विसरू नका.