अडीच मिलिसेकंदांची मुदत

घरात स्टुडिओ थाटायचं ठरलं की माइक, हेडफोन लोक आपापले निवडतात. मला फोन येतो तो प्रोसेसरसाठी. ‘आय-नाइनच घेऊ ना? दुकानदार म्हणतोय, १६ कोअर तरी हवेतच.’ दुकानदाराचंही बरोबर आहे. त्याचं गिऱ्हाईक गेम खेळणारं, नाहीतर व्हिडिओ एडिट करणारं. रेंडरला पाच मिनिटं जास्त लागली तर एक चहा वाढतो, एवढंच. गाणं रेकॉर्ड होताना मात्र प्रोसेसरला दर वेळी ठरल्या मुदतीत हिशेब पुरा करून द्यावाच लागतो.

ही मुदत केवढी? ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर, म्हणजे एका खेपेला हाताळायचा ध्वनीचा तुकडा, ठेवला, तर अडीच मिलिसेकंदांहून किंचित जास्त. तेवढ्यात सगळ्या ट्रॅकवरचे ईक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब उरकले पाहिजेत. एकदा जरी चुकलं तरी ‘टक्’ ऐकू येतं, आणि ते हमखास चांगल्या टेकमध्येच. बफर १०२४ केला की प्रोसेसर निवांत. पण आवाज आत जाऊन बाहेर येईपर्यंत चाळीसच्या वर मिलिसेकंद जातात. ध्वनी हवेतून मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर झाला तर तबलजी साडेतीन मीटरवर बसलाय असं समजायचं. तेवढं चालून जातं. चाळीसला मात्र गाणारा तान अर्धवट सोडून काचेतून माझ्याकडे बघतो. ऑडिओ इंटरफेसमधून थेट ऐकवायची सोय असते, पण कीबोर्डवर वाजवलेला सॉफ्टवेअरमधला पियानो तसा ऐकवताच येत नाही.

आता कोअर. एका ट्रॅकवर चार प्लगइन लावले, तर पहिल्याचं काम झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही. त्यामुळे ती अख्खी साखळी बहुधा एकाच कोअरच्या गळ्यात पडते, आणि बाकीचे बसून बघतात. म्हणून मी आधी एका कोअरचा वेग बघतो, संख्या नंतर. त्यात इंटेलने २०२१च्या बाराव्या पिढीपासून डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये मोठे आणि छोटे कोअर एकत्र आणले. आय-नाइन १२९००चे ते १६ कोअर म्हणजे आठ मोठे, वेगवान आणि आठ छोटे, संथ. भावगीतं, अभंग, पॉडकास्ट करणाऱ्याला सहा ते आठ वेगवान कोअर भरपूर झाले. शंभर ट्रॅकचं पार्श्वसंगीत करणाऱ्याने खुशाल वाढवावेत. पण वाद्यांच्या सॅम्पल लायब्ऱ्या वापरत असेल तर आधी रॅम.

दुकानात कुणी विचारत नाही ती गोष्ट म्हणजे आवाज. घरी माइक आणि मशीन एकाच खोलीत. मे महिन्यात सीलिंग फॅन, एसी बंद करून दार लावलं की खोली तापते, तशी मशीनही तापते, आणि तिचा पंखा नेमका गाण्यातल्या हळव्या जागी घरघरायला लागतो. म्हणून मी ६५ वॉटचा प्रोसेसर आणि मोठा, संथ फिरणारा कूलर सुचवतो. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड घ्यावं लागतं, आणि त्याचा पंखा वेगळा. २०२०च्या एम-वन मॅकबुक एअरला पंखाच नाही, हा मला तिच्या वेगाइतकाच मोठा गुण वाटतो.

आणि आहे त्या मशीनवर ‘टक् टक्’ येत असेल, तर खरेदीला निघण्याआधी वाय-फाय बंद करून बघा, विंडोजचा पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा. वाय-फायचा ड्रायव्हर मध्येच प्रोसेसरला अडवून ठेवतो, हे मी महागड्या मशीनवरही पाहिलंय.