कोल्ह्यासाठी रायफल

माझा भाचा भिवापूरच्या अलीकडे शेती करतो. साडेचार एकर, मिरची, हरभरा, थोडा धान, बांधाला तूर. मी इतवारीत राहतो, शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून खानदानात कोणाचाही सरकारी अर्ज लिहायचा असला की कागद माझ्याकडे येतो. पूर्वी बहिणीकडे जायला इतवारी स्टेशनातून नागभीडची छोटी गाडी होती. २०१९ च्या नोव्हेंबरात ती ब्रॉडगेजसाठी बंद झाली, तेव्हापासून आमचं येणं-जाणं बसनं. मागच्या महिन्यात भाचा आला तो पिशवीत त्याच्या मरहूम दादांच्या बंदुकीचा परवाना आणि मोबाईलमध्ये अमेरिकेतले व्हिडिओ घेऊन.

"मामू, दादा की बारा बोर वापस नहीं लेना. रायफल का अर्ज लिख दो. कायोटी वाली."

कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा अमेरिकन भाऊबंद, अंगानं थोडा मोठा. मेंढ्या-कोकरं मारतो म्हणून तिथले पशुपालक त्याच्यावर खार खाऊन असतात आणि बऱ्याच राज्यांत त्याला बारा महिने मारता येतं. गंमत अशी की शंभर-दीडशे वर्षं गोळ्या, सापळे, विष सगळं करूनही तो कमी झाला नाही, उलट जवळजवळ सगळ्या उत्तर अमेरिकेत पसरला. त्याच्या शिकारीचं तिकडे एक शास्त्रच झालं आहे. भाच्याला ते तोंडपाठ होतं, आणि खरं सांगतो, ऐकताना मलाही रस वाटला.

कायोटीसाठी लोक लहान मापाची पण फार वेगवान गोळी निवडतात. पॉइंट टू टू थ्री रेमिंग्टन सगळ्यांची आवडती. गोळी साडेतीन ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला नऊशे मीटरच्या वर. गोळी जितकी वेगवान तितका तिचा मार्ग सरळ, म्हणजे दोनशे मीटरवरच्या जनावरासाठी नेम फार वर धरावा लागत नाही. वारा जोराचा असेल तर थोडी जड गोळी आणि पॉइंट टू फोर थ्री. नळीच्या आत पिळासारखे फिरत जाणारे खाचे असतात, ते किती इंचांत एक फेरा पूर्ण करतात त्यावर कोणत्या वजनाची गोळी स्थिर जाईल ते ठरतं. मग सजावट सुरू होते: हलका घोडा, आपल्या खांद्याच्या मापाचा दस्ता, दुर्बीण, अंधारात जनावराच्या अंगाची ऊब दाखवणारा कॅमेरा, दोन पायांचा टेकू, आणि आवाज दाबणारी नळी. भाच्यानं ही यादी वहीत लिहून आणली होती. अक्षर छान आहे त्याचं.

मी त्या यादीसमोर एकेक कायदा लिहीत गेलो. हे माझं आवडतं काम नाही, पण अर्ज लिहिणाऱ्याला करावं लागतं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात आवाज दाबणारी नळी हीच 'अग्निशस्त्र' या व्याख्येत मोडते, म्हणजे नुसती ती बाळगणंही बिनपरवाना बंदूक बाळगण्यासारखं. लष्कर-पोलिसांच्या मापाची काडतुसं सामान्य परवानाधारकाला बंद. इंग्रजांनी पॉइंट थ्री झीरो थ्री असंच बंद ठेवलं, म्हणूनच तर आपल्याकडे पॉइंट थ्री वन फाइव्ह हे वेगळं माप रुजलं. इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची ती रायफल आजही परवानाधारकांकडे दिसते. तिची गोळी जड. कोल्ह्यावर ती चालवणं म्हणजे उंदरावर पाटा टाकणं. नळी कापून छोटी करायची तर कलम ६ खाली वेगळा परवाना. आणि पिकाच्या रक्षणासाठी कायदा शेतकऱ्याला देतो काय? ठासणीची बंदूक. तिनं भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर आतून गुळगुळीत नळीची, म्हणजे बारा बोर. आतून खाचे असलेली रायफल त्या कलमात नाही.

"तो फिर एअरगन?"

२०१६ च्या नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि वीस ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही, हे खरं. पण तिनं कोल्हा मरत नाही, जखमी होतो, आणि जखमी जनावर चार दिवस कुठेतरी झुडपात मरत पडतं. आपल्या दीनमध्ये जिवंत जनावराला नेमबाजीचं निशाण बनवायला सक्त मनाई आहे, हे मी त्याला सांगितलं. त्यावर तो गप्प राहिला, कारण हे त्याला दादांनीही सांगितलेलं होतं.

मुख्य गोष्ट मात्र अजून बाकीच होती. कोल्ह्याला मारताच येत नाही. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनं तो पहिल्या अनुसूचीत गेला आहे, वाघाच्या रांगेत. १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. पिकाचं नुकसान हे कारण तिथे चालत नाही. शिक्षा किमान तीन वर्षं.

आणि कोल्हा करतो तरी काय? मी शाळेत 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण शिकवतो. ती ज्यानं केली त्यानं रात्री शेतात जागल केलेली असणार. काकडी, डांगर, बोरं, पडलेलं फळ, मक्याचं कणीस, कधी कोंबडी, कधी शेळीचं पिल्लू. बाकी वर्षभर उंदीर. आठवीच्या उर्दूच्या तासाला तोच प्राणी गीदड होतो आणि भित्रा ठरतो, मराठीच्या तासाला तोच लबाड. एकाच वर्गातली मुलं दोन घंटांत एका जनावराचे दोन स्वभाव लिहितात आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. शिकार, बंदूक, निशाण, जखम हे सगळे शब्द मराठीनं फारसी-तुर्कीच्या वाटेनं घेतले, काडतूस पोर्तुगीजांकडून. कोल्हा मात्र अस्सल इथला.

भाच्याला मी हेच विचारलं, तुझा हरभरा नेमका खातं कोण? उत्तर दोघांनाही माहीत होतं. रानडुक्कर. कळपानं येतं, खातं कमी, लोळून आणि उकरून सत्यानाश जास्त. बाजूच्या वावरातले काका मला भेटले की पहिलं वाक्य तेच असतं, "गुरुजी, डुकराईनं यंदा ठिवलं नाई काई." व्हिडिओत डुकरं दिसत नव्हती, कायोटी दिसत होता, म्हणून पोराच्या डोक्यात कोल्हा बसला.

डुकराचं प्रकरण कायद्यात वेगळं आहे. पिकाचं नुकसान होत असेल तर वनखात्याच्या लेखी परवानगीनं ते मारता येतं. दादा अशी परवानगी निघाली की जायचे. आसपासच्या गावांतून निरोप यायचा, कारण परवान्याची बंदूक तेवढ्यात त्यांचीच. हराम जनावर, हात लावायचं नाही, खायचा तर प्रश्नच नाही, एका काडतुसाचा खर्च खिशातून. काही लोक हसायचे. ते म्हणायचे, हरभरा तर हलाल आहे ना. (हलाल जनावरही नुसत्या गोळीनं मेलं तर हनफी उलेमा ते खाऊ देत नाहीत, जीव असताना जबह व्हावं लागतं. शिकारीच्या गप्पा मारणाऱ्यांना हे सहसा आठवत नाही.)

त्यांची बारा बोर दुनळी होती. उजवी नळी मोकळी, डावी तोंडाशी किंचित आवळलेली, म्हणजे जवळच्याला उजवी, थोडं लांब गेलं तर डावी. खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसं. दस्ता त्यांच्या खांद्याला लांब पडायचा म्हणून सुतारानं बोटभर कमी केलेला, मागे सायकलच्या ट्यूबचा तुकडा. रात्री नळीच्या टोकाची माशी दिसावी म्हणून पानाच्या डबीतला चुना तिला लावायचे. मला एकदाच हातात दिली होती, रिकामी, आणि म्हणाले, मास्टर, जनावर नंतर बघा, जनावराच्या मागे काय आहे ते आधी. छर्रे चाळीस-पन्नास पावलांपलीकडे कामाचे राहत नाहीत. रायफलची गोळी कोस-दीड कोस जाऊ शकते. आमच्या शिवारात दर दोन-तीनशे पावलांवर कोणीतरी मचाणावर झोपलेलं असतं. माझ्या मते रायफलला नाही म्हणायला हे एक कारण पुरे होतं, कायदा नसता तरी.

दुसरं कारण मी हळू आवाजात सांगितलं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ टी-वन, म्हणजे अवनी वाघीण, असगर अली खान यांच्या गोळीनं मेली. ते आणि त्यांचे वडील शफाअत अली खान यांना वनखात्यानंच बोलावलं होतं. ते बरोबर झालं की चूक, यावर पुढे बराच वाद झाला, कोर्टापर्यंत गेला, त्यात मी पडत नाही. पण त्या आठवड्यात आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर जे मेसेज फिरले त्यांत वाघिणीपेक्षा नावाची चर्चा जास्त होती. भाच्याला रायफलसोबत रील करायचं होतं. "तुझं रील तुझ्या शेतापुरतं राहणार नाही," मी म्हणालो. तो चिडला. "मतलब बाकी लोग करें तो शौक, हम करें तो?" प्रश्न चुकीचा नव्हता. माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी दिलंही नाही.

अर्ज शेवटी वारसाचा लिहिला. परवानाधारक वारला की बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. आमची ठाण्यात आहे, तेलाशिवाय. वारस म्हणून परवाना मिळू शकतो, पण आधी शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं, बाकी वारसांची ना हरकत हवी. तीन फुप्पींच्या सह्या आल्या, चौथी कामठीला असते, ती म्हणते बंदूक घरात नकोच. 'प्रयोजन' या रकान्यात मी 'रानडुकरांपासून पीक संरक्षण' लिहिलं. भाच्यानं कोल्हा हा शब्द खोडलेला पाहिला, काही बोलला नाही. दस्त्याची लांबी तेवढी परत वाढवून घेईन म्हणाला, तो दादांपेक्षा उंच आहे.

जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देऊन तीन आठवडे झाले. तोवर हरभरा घाट्यावर आला आहे. झटका मशीनसाठी अर्ज करायचाय, तोही मलाच लिहायचा आहे. शेजारच्या गावात तारेत थेट लाइन सोडतात, तसं करायचं नाही एवढं त्यानं दादांच्या नावानं कबूल केलंय. सध्या बाप-लेक आळीपाळीनं मचाणावर असतात, टॉर्च, रिकामा डबा आणि काठी घेऊन.