दुसऱ्यांदा आलेले गिऱ्हाईक

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या धर्मग्रामातला एक तरुण संध्याकाळी मला भेटायला आला. संगणक क्षेत्रातली चांगली नोकरी सोडून त्याने सुकेळ्यांचा व्यवसाय सुरू करायचे ठरवले होते. पिकलेली राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली सुकेळी ही आम्हा वसईकरांची जुनी मिरास; पण ती करणारे हात आता थोडेच उरले आहेत. ही वस्तू सुबक वेष्टनात घालून मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचवावी, असा त्याचा मानस होता. उठता उठता तो संकोचून म्हणाला, "फादर, रविवारी मिस्सा संपल्यावर तुम्ही दोन शब्द सांगाल का? एका सकाळी सगळ्या गावात नाव होईल."

मी सांगितले, आणि भरभरून सांगितले. आपला मुलगा, आपल्या मातीतली वस्तू. त्यात गैर ते काय? त्या आठवड्यात इतकी मागणी आली की त्याच्या आईला आणि बहिणीला रात्री जागवाव्या लागल्या.

महिन्याभराने चर्चच्या पायऱ्यांवर एका वृद्ध मावशींनी मला थांबवले. "फादर, तुमच्या शब्दावर सुकेळी घेतली. पण आतून ओली होती, आठ दिवसांत बुरशी आली. त्याला मात्र काही बोलू नका, पोराला वाईट वाटेल." पुढे कळले की अनेक घरांत हेच घडले होते. तक्रार कोणीच केली नव्हती. फक्त पुन्हा कोणी घेतली नव्हती.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. त्या मुलाने माझा शब्द उसना मागितला होता, आणि मी तो वस्तू न चाखताच देऊन टाकला होता. लोक आले ते सुकेळ्यांसाठी नव्हे, माझ्या शब्दासाठी. असे उसने गिऱ्हाईक एकदा येते. दुसऱ्यांदा येते ते आपल्या कामाच्या गुणावर.

सेमिनरीत असताना ग्रंथालयात 'किर्लोस्कर' मासिकाचे जुने बांधीव अंक मी आवडीने चाळत असे. त्या मासिकाच्या जन्माची कथा मला त्या रात्री आठवली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे ते शेतीच्या अवजारांकडे वळले. त्यांनी लोखंडी नांगर घडवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर तयार, पण घेणारा नाही. ती समजूत नुसत्या जाहिरातीने जाण्यासारखी नव्हती. नांगर शेतात चालताना आणि पीक हाती येताना दिसायला हवे होते. त्याला वेळ लागला. पुढे बेळगाव सोडावे लागले, तेव्हा औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या ओसाड माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

खरी गंमत त्यानंतरची. १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचे लहानसे पत्रक सुरू केले. हेतू साधा होता: कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत न्यावी. पण शंकररावांच्या ध्यानात आले की केवळ आपल्याच मालाचे गुणगान कोणी फार दिवस वाचत नाही. त्यांनी वाचकाच्या उपयोगाचे, त्याला विचार करायला लावणारे लेखन छापले. त्या पत्रकाचे 'किर्लोस्कर' मासिक झाले. पाठोपाठ १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघाले. ज्यांच्या दारात कधी नांगर जाणार नव्हता, अशा घरांतही किर्लोस्कर हे नाव आपलेपणाने घेतले जाऊ लागले. आधी दिले, मग मागितले. आणि ज्यांनी काहीच विकत घेतले नाही, त्यांनाही देत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी त्या तरुणाला बोलावून सगळे सांगितले. त्यात माझी चूकही सांगितली. तो बराच वेळ खाली मान घालून बसला. मग त्याने वही काढली. पहिल्या गिऱ्हाइकांची नावे तिच्यात होती. तो घरोघर गेला, पैसे परत केले आणि ऐकून घेतले. मागणी पुरवण्याच्या घाईत वाळवण्याचे दोन दिवस त्याने वाचवले होते, तेच त्याला भोवले होते. एका आजीने केळे बोटांनी दाबून कसे पारखायचे ते दाखवले. कोणी म्हणाले, पुडा लहान हवा, घरात दोनच माणसे असतात. वहीत त्याने एक नवा रकाना आखला: दुसऱ्यांदा कोणी मागितले? पुढच्या खेपेला आपल्या अंगणात पुरती वाळतील एवढीच सुकेळी त्याने केली, आणि बाकीच्यांना सरळ नाही म्हटले. महिन्यातून एकदा तो त्या घरांना फोनवर चार ओळी पाठवू लागला: राजेळीची लागवड, सुकेळी टिकवण्याची रीत, जुन्या बायकांकडून ऐकलेले काही. त्यात विक्रीचा शब्द क्वचितच असे.

आज नवा उद्योग मांडणाऱ्या तरुणांना एका रात्रीत हजारो लोकांपर्यंत पोहोचता येते. त्या सोयीला मी नावे ठेवत नाही. पण ओल्या सुकेळ्याची बातमीही तितक्याच वेगाने पोहोचते, आणि निराश झालेला माणूस बहुधा काही न बोलताच निघून जातो. म्हणून आकडा वाढण्याआधी वस्तू पुरी वाळू द्यावी. पहिली चाळीस माणसे नावानिशी ओळखावीत. त्यांतली किती परत आली ते प्रामाणिकपणे मोजावे.

यंदाच्या हंगामात तो तरुण पुन्हा माझ्याकडे आला. हातात एक लहानसा पुडा होता. मी विचारले, "रविवारी सांगायचे ना?"

तो हसला. "नको फादर. आधी खाऊन पाहा."

हे खरे तर गेल्या वर्षी मी म्हणायला हवे होते.